चिंधाभाऊ दुकानात गेले तेव्हा

सोमवार, ३ फेब्रुवारी. शिरपूर

कोकिळाला नाशिकच्या दवाखान्यात नोकरी लागली! मी नोकरी करते त्या केंद्रात रुग्णसेवेचं प्रशिक्षण घेतलेली, डोंगराकडच्या गावातून बाहेर पडणारी पहिली मुलगी. केंद्रात पेढे वाटले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून ठेवला. महिनाअखेरीस माझा साखरपुडा. धुळ्याच्या होणाऱ्या सासूबाईंनी आईला गोड आवाजात सांगितलंय — "मुस्कानला आता कशाला गावोगाव हिंडवायचं?" म्हणजे लग्नानंतर नोकरी बंद. आई हो म्हणाली. पप्पा गप्प. ज्याच्याशी लग्न ठरलंय तो श्रेयांसही गप्प. मीही गप्पच!

बुधवार, ५ फेब्रुवारी

आरोग्य शिबिरात विनाकारण सगळ्यांवर खेकसले. कशातच लक्ष नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कोकिळाचे वडील चिंधाभाऊ केंद्रावर आले. पोरीचं लग्न जमतंय, मुलाकडच्यांना नोकरी नको. तिला नाशिकला धाडणार नाहीत. मी नेहमीचं सुरू केलं — स्वतःच्या पायावर उभी राहील, शिकलेलं वाया जाईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बठ्ठं खरं शे, ताई. पण तुम्हना बाप तुम्हले लगननंतर नोकरी करू दी का?"

कोकिळा दारात उभी. माझ्याकडे बघत.

"हो," मी म्हटलं. "देतील ना!"

कसं निघालं तोंडातून?

"मंग मी त्यासलेच ईचारस. कोठे शे दुकान?"

सांगितलं. पप्पांनाच विचारणार म्हणतात, काय करणार! जळगावात पप्पांचं, मोहनलाल कापडवाल्यांचं दुकान कोणीही दाखवेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पप्पांना फोन करायला हवा. दिवसभर फोन हातात. काय सांगू — तुमच्या नावावर खोटं बोलले?

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारी पप्पांचाच फोन. "तुझे चिंधाभाऊ आलेत. चहा घेताहेत. मला काही विचारायचंय म्हणतात."

"पप्पा, मी —"

"थांब. आधी त्यांचं ऐकू दे." फोन बंद.

संध्याकाळी कोकिळाचा. नुसती ओरडत होती! "ताई, आबा हो म्हणाले! लग्नाचं नंतर बघू म्हणे. तुमच्या पप्पांनी त्यांना जबान दिली — माझी मुलगी नोकरी सोडणार नाही!"

आनंद व्हायला हवा ना? मी उद्याच्या जळगावच्या गाडीची वेळ बघतेय.

रविवार, ९ फेब्रुवारी. जळगाव

सकाळीच घर गाठलं. आईनं दार उघडलं आणि आत निघून गेली. पप्पा झोपाळ्यावर.

"खोटं का बोललीस?"

"ते खरं व्हावं असं वाटत होतं."

"मग मला का नाही विचारलंस? तो माणूस एवढ्या लांबून विचारायला आला. तू याच घरातली."

मला रडूच फुटलं. "तुम्ही तरी त्यांना हो का म्हणालात?"

"तुझ्या शब्दावर तो पोरीला पाठवणार होता. त्याला काय सांगू, माझी पोरगी खोटी?"

माझ्यासमोरच धुळ्याला फोन लावला. "लग्नानंतर मुस्कान नोकरी करेल. आधीच सांगितलेलं बरं." तिकडून आधी "बरं, बरं". मग — "घरात बोलून कळवतो."

सोमवार, १० फेब्रुवारी

कोकिळा नाशिकला पोचली. इथे धुळ्याचा फोन नाही. जिना चढते, उतरते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

धुळेवाल्यांनी नकार कळवला. श्रेयांसचा मेसेज — "घरच्यांपुढे माझं चालत नाही." आई रडतेय. पप्पांनी हलवायाला फोन करून साखरपुड्याची मिठाई रद्द केली, चपला घातल्या आणि म्हणाले, "बॅग घे. शिरपूरच्या गाडीत बसवून देतो."