चिमीची साडेसात हजार पावलं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा कुलूपदुरुस्ती व किल्ल्या बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मात्र परवा दुपारपासून मी जबर धक्क्यात आहे, आणि तो ओसरायच्या आत लिहून मोकळं व्हावं म्हणतो. यापूर्वीचं मृत्युपत्र मी फाडून टाकलं आहे. त्यात कुत्रीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

एक. राहतं घर, तिसरा मजला, दोन खोल्या व स्वयंपाकघर, हे मुलाला द्यावं. तो विमानाने जायच्या अंतरावर राहतो, पण फोन नेमाने करतो. गॅलरीचं दार अडकतं. ते जरा उचलून ढकलायचं असतं, लाथ मारायची नसते.

दोन. दुकान, किल्ली कापायचं मशीन आणि सगळ्या कानशी भाचीला द्याव्यात. तिचा हात माझ्याहून हलका आहे. तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. ड्रिल मशीन मेहुण्याने "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेलं, त्याला सहा वर्षं झाली. ते त्यालाच लखलाभ होवो.

तीन. आता कुत्री. नाव चिमी, वय नऊ, वजन जेमतेम चार किलो. माझ्या बायकोने आणलेली. बायको जाऊन चार वर्षं झाली. माझं ठाम मत होतं की एवढ्याशा जिवाला कसला आलाय व्यायाम? सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत गेली की झाली तिची फेरी. सकाळी मी तिला कोपऱ्यापर्यंत नेत असे, तेही पेपर आणायचा असायचा म्हणून.

गेल्या महिन्यात मुलाने मला पावलं मोजायचा पट्टा पाठवला. रोज चाला, मला इथे फोनवर दिसेल, म्हणाला. मी तो चिमीच्या गळ्यात बांधला. हो, फसवलं. बाळा, रागावू नकोस. परवा त्याचा फोन आला. "बाबा, कमाल केलीत! रोज साडेसात हजार पावलं! पण जवळपास सगळी साडेतीन ते सव्वाचारच्या मध्येच कशी काय?"

माझ्या हातातला कप हातातच राहिला. त्या वेळी मी कानातलं यंत्र काढून ढाराढूर झोपलेला असतो, आणि दाराला माझ्याच हातची दोन कुलुपं असतात.

त्या दुपारी यंत्र कानातच ठेवून मी डोळे मिटून पडलो. बरोबर साडेतीनला वरचं कुलूप उघडलं. मग खालचं. खडखड नाही, खटपट नाही, सरळ किल्लीने! चाळीस वर्षं मी जगाला सांगत आलो होतो की माझं कुलूप कोणी उघडून दाखवावं. आणि चिमी भुंकलीसुद्धा नाही. शेपटी हलवत दाराशी हजर.

दारात खालच्या मजल्यावरच्या बाई. टपाल वाटण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. अकरा वर्षांपूर्वी माझ्या कानशीच्या आवाजाची त्यांनी तक्रार केली, तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेलो नाही.

"कोण आहे?" मला ओरडायचं होतं, पण निघाला नुसता चिरका आवाज.

"मीच. झोपा तुम्ही. पाऊण तासात आणून सोडते."

मी उठून बसलो.

"चार वर्षं येतेय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जायच्या आधी तुमच्या बायकोने किल्ल्या दिल्या. म्हणाली, हे काही तिला फिरवणार नाहीत. आणि यांना विचारू नका, विचारलंत तर कुलूप बदलतील."

अरे देवा! त्या किल्ल्या मीच कापल्या होत्या. एक जास्तीची जोडी दे म्हणाली, मी दिली, कशाला म्हणून विचारलंही नाही. आणि खरं सांगतो, कळलं असतं तर कुलूप बदललंच असतं. तिने मला इतकं ओळखलं होतं, हे कळल्यावर मात्र मी बसल्या जागी रडलो.

चार. काल प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "तुमच्या खालच्या बाई फिरवत नसत्या, तर ही कधीच सांधे धरून बसली असती. लहान कुत्र्याला चालायला लागत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?" कोणी नाही, मीच मला सांगितलं होतं. म्हणून पुढील सूचना चिमीला सांभाळणाऱ्यावर बंधनकारक राहतील. रोज पाऊण तास चालवणं, एकदम नव्हे, दोन-तीन वेळा मिळून. फिरवायचा पट्टा गळ्याला लावू नये, छातीवरून घालावा. तिचा गळा नाजूक आहे. जिन्यात उचलून घ्यावं. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत. घरात दहा मिनिटं चेंडू. आणि ती वास घेत थांबली तर ओढू नये, तेही तिचं कामच असतं.

पाच. सबब चिमी, तिची टोपली आणि चेंडू खालच्या बाईंना द्यावेत.

हे कलम वाचून दाखवायला आज सकाळी मी त्यांच्या दारी गेलो. त्या हसायलाच लागल्या. "अहो, मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी आहे! आणि सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तीन महिने जिना बंद. हे सांगायला मीच वर येणार होते."

"मग चिमीला कोण नेणार?"

त्यांनी माझ्या पायातल्या चपलांकडे बोट दाखवलं. भाचीला कुत्र्याच्या केसांनी दमा उसळतो. मुलगा तर तिकडे. डॉक्टरीणबाई म्हणतात, नीट चालवली तर चिमी अजून सात वर्षं सहज काढेल. चार वर्षं ती माझ्या घरात होती आणि दुसऱ्याच्या जिवावर जगली, याची मला फार लाज वाटते.

सहा. कलम पाच रद्द. चिमी मी कोणालाही देत नाही. बाकी मृत्युपत्र कायम आहे, मात्र ते अमलात यायला निदान सात वर्षं लागतील. तोवर मला मरायला सवड नाही, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: महिन्याचा दुसरा शनिवार.
सही: (किल्लीवाले)

साक्षीदार पहिल्या, प्राण्यांच्या डॉक्टर: माझ्यासमोर सही केली. माणसं मी तपासत नाही, पण यांचं डोकं ठिकाणावर आहे. जरा उशिरा आलं, एवढंच.

साक्षीदार दुसऱ्या, खालच्या मजल्यावरच्या बाई (कलम पाच रद्द झाल्याने आता त्यांना काही मिळणार नाही, म्हणून साक्षीदार म्हणून सही करायला हरकत नाही): सही केली. उद्या रविवारी साडेतीनला चपला घालून तयार राहा. चिमीचा रस्ता तुम्हाला कुठे माहीत आहे?