लाल न झालेली नळी

महाड, गुरुवार, १९५९. दिवेलागण.

दुसरी नळी लाल झालीच नाही.

दवाखान्यामागच्या माझ्या तपासणीच्या खोलीचं दार आज दुपारी आतून लावून घेतलं. एका नळीत मुंबईहून मागवलेल्या फ्रुक्टोजचं पाणी, ताडून पाहायला. दुसरीत माझं वीर्य. पुरुषाच्या वीर्यात ही फळांतली साखर असावीच लागते; नसेल तर बीज बाहेर यायची वाटच बंद असते. दोन्हींत रिसॉर्सिनॉल आणि आम्ल घालून उकळलं. पहिली कुंकवासारखी लाल झाली. दुसरी होती तशीच. तीनदा केलं. रसायन जुनं झालं म्हणावं, तर पहिली लाल कशी होते?

म्हणजे मूल होत नाही ते माझ्यामुळे. आणि नऊ वर्षं नवस बोलतेय कुसुम, आईचे टोमणे ऐकतेय तीच.

त्यात आजच शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण. कुसुमने सकाळी बसून तिच्यासाठी चाफ्याची वेणी केली होती. ओटी भरायला उठली, तर आई सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "तू नको गो. तू आत पानं वाढायला घे." आत्ता कुसुमनेच सांगितलं. वेणी तशीच हातात होती.

"आईंचं काय चुकलं? दोष माझ्यातच आहे ना."

सांगायचं होतं. डोळ्यांसमोर ती नळी होती, पाण्यासारखी. तोंड उघडलंही.

"जेवून घे," एवढंच म्हणालो.

"आज नाही जेवायची," ती म्हणाली. "उपास धरलाय. मुलासाठी."