देलीमाचा आशीर्वाद

वूनसॉकेट, १८ डिसेंबर १९६१

ती. सिस्टर आत्यास,
रेनालचा सा. न. वि. वि.

कॉलेज सोडलं, हे कळलंच असेल. उपदेश नको! पुस्तक उघडलं की नोरीनच दिसते. आजोबांची वाचा आणि उजवा हात पक्षाघाताच्या झटक्याने गेला, पण डोळे अजून शिव्या देतात. गिरणीतल्या आयरिश मुकादमाची ही पोर त्यांना घरात नको. आपल्या रीतीप्रमाणे नववर्षाच्या सकाळी घरातल्या थोरल्या मुलाने किंवा मुलीने गुडघे टेकून घरधन्याचा आशीर्वाद मागायचा. बाबा गेल्यापासून तो मान माझा. आशीर्वाद मिळाल्याशिवाय लग्नाला उभी राहणार नाही, असं नोरीन म्हणते. काय करू?

तुझा तापट भाचा,
रेनाल

लुइस्टन, २३ डिसेंबर

चि. रेनालला अनेक आशीर्वाद.

वेड्या, इथे रोज साठ बायकापोरं वाटाण्याच्या सुपासाठी रांग लावतात. तुझं प्रेम त्या रांगेत उभं कर. पण ऐक. आई गेलेली, पाठची चार भावंडं, आणि मी मठात निघाले. त्या नववर्षी मी गुडघे टेकले, तेव्हा बाबांनी, तुझ्या आजोबांनी, हात खिशात घातला. गिरणीतल्या मागाने दोन बोटं खाल्लेला तोच उजवा हात. एकतीस वर्षं झाली. देलीमा हे माझं मठाआधीचं नाव त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. यंदा आधी माझ्यासाठी माग. मग तुझ्यासाठी.

लोभ आहेच, रागही सोसेन.
सिस्टर युलाली

वूनसॉकेट, १ जानेवारी १९६२

आत्या,

तार मिळाली असेल. सकाळी सात वाजता मी तुझ्यासाठी मागितलं. आजोबांचा तो मेलेला हात पांघरुणातून वर आला. माझ्या डोक्यावर नाही. माझ्या शेजारी, रिकाम्या हवेत, गुडघे टेकलेल्या मुलीच्या डोक्याइतक्या उंचीवर थांबला. देलीमा, असं आजोबा स्वच्छ म्हणाले. आणि गेले. माझं मागायचं राहूनच गेलं! नोरीन रडतेय. तुझं ऐकलं, हीच माझी चूक.

रेनाल

लुइस्टन, ३ जानेवारी

चि. रेनाल,

रागाव, हक्क आहे तुझा. सोमवारी सात वाजता मी सूप वाढत होते. डोक्यावर हात आला. जड, तीन बोटांचा. वळले, तर मागे भिंत. नंतर शिरोवस्त्रावर कापसाचे तंतू सापडले, यंत्राच्या तेलाचा वास असलेले. इथली गिरणी बंद होऊन सहा वर्षं झाली.

शनिवारी दफनाला येते. घरात आता थोरली मी. नोरीनला बोलाव, दोघं गुडघे टेका. मला मिळालेला आशीर्वाद तुम्हाला देईन. डोक्यावर तीनच बोटं जाणवली तर घाबरू नका. सोमवारपासून माझ्या उजव्या हाताची उरलेली दोन मलाही जाणवत नाहीत.

तुमची,
देलीमा