येतो म्हणू नये

२ मार्च २००६, गुरुवार
चिंताकीला बस सोडली आणि जीपने तांबरवाडीत आलो. गाव बघून मन प्रसन्न झालं. हैदराबादला गेलेल्या एका कुटुंबाचं घर राहायला मिळालंय. दारात फुललेला लिंब, कोनाड्यात त्यांनी मागे सोडलेला मारुती. आधी मारुतीला अंघोळ घातली, मग सामान लावलं.

काम विद्यापीठाचं आहे. घर, उजेड, पाणी, शेजार यांचा म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, ते तिथल्या मॅडमना बघायचंय. तरणी माणसं पुण्या-हैदराबादला गेलेली. मागे उरलेल्या अकरा म्हाताऱ्यांचे फॉर्म भरायचे आणि दर गुरुवारी त्यांचं वजन घ्यायचं. हुमनाबादची गिरणी बंद झाल्यापासून असं मानाचं काम मिळालं नव्हतं. काटा तपासायला आधी मीच उभा राहिलो. एकसष्ट किलो.

निघताना माउलीचा पुण्याहून फोन आला होता. पाडव्याला येतो म्हणाला. तीन वर्षांनी पोरगं दिसेल. त्याची आई राजूबाई असती तर आजच पुरणाची डाळ निवडायला बसली असती.

९ मार्च
पहिली वजनं झाली. सिद्धव्वांचं घर सगळ्यात चांगलं. लेकाने, नागराजने, बांधून दिलेलं; सिमेंटचं, नळ दारात. मला काय मिरच्याच्या पोत्यासारखं तोलायलास का, म्हणाल्या, आणि स्वतःच चप्पल काढून उभ्या राहिल्या. एक्केचाळीस.

हणमंतप्पांची गावाबाहेर पत्र्याची खोली, पाणी लांब, तरी अठ्ठावन्न. निघताना सवयीने ‘येतो’ म्हणालो, तर त्यांनी हातच धरला. इथं येतो म्हणू नका अण्णा, जातो म्हणा. येतो म्हणून जो येत न्हाई, त्याच्या जागी दुसरंच येतंय. लेक भाग्यलक्ष्मी सासरी निघाली तेव्हा तिलाही त्यांनी ‘जाते’ म्हणायला लावलं. रडली लई, पण मी धड हाय बघा, म्हणाले.

जातो म्हणू नये, हे आईने लहानपणीच शिकवलेलं. म्हाताऱ्याचं मन राखायला म्हणालो. जीभ जड झाली.

१६ मार्च
सिद्धव्वा सदतीस. ‘या आठवड्यात कोणी भेटायला आलं का?’ या प्रश्नाला त्या लाजून हसल्या. नागराज येतोय, रोज दुपारी. उंबऱ्यावर बसतो, पाठ करून. जेवत न्हाई, बोलत न्हाई. पण येतोय की.

दुकानदार म्हणाला, नागराज येतो म्हणून गेला तो गेलाच, पाच वर्षांत या गावात पाऊल टाकलेलं न्हाई.

फॉर्म चाळले. अकरापैकी चौघांकडे कुणीतरी येतं. त्या चौघांचंच वजन उतरतंय. मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, माणसांची ये-जा असली की म्हातारी माणसं टिकतात. काटा बिघडला असेल. घरी येऊन उभा राहिलो. एकसष्ट.

२३ मार्च
सिद्धव्वा बत्तीस. आज तो मीही पाहिला. पाठमोरा. नवा शर्ट, घडीच्या खुणा तशाच. तळपायाला धूळ नव्हती. कुठून आलात, विचारलं. हलला नाही.

सिद्धव्वांच्या कानात सांगितलं, त्याला जा म्हणा. पोटच्या पोराला जा कसं म्हणू, अण्णा?

२६ मार्च
सिद्धव्वा गेल्या. उचलायला दोघे पुरले. संध्याकाळी नागराज आला — खरा नागराज. मळका शर्ट, केस पिकलेले. आईजवळ कुणी होतं का, विचारत होता.

मी होय म्हणालो.

२८ मार्च
हणमंतप्पांना विचारलं, असल्याला घालवायचं कसं. ते म्हणाले, तोंडानं जा म्हणायचं, एकदाच. मग येत न्हाई. पण कुणी म्हणत न्हाई. बारा वर्षं हे बघायलोय, एकानंबी म्हटलं न्हाई.

२९ मार्च
एसटीडीवरून माउलीला फोन. रजा मिळाली नाही. मी म्हणालो, मग जातो म्हण, बाळा, एकदा जातो म्हण. तो हसला. असं काय म्हणायलास अप्पा, येतो की, पुढच्या महिन्यात नक्की येतो — आणि फोन तुटला.

३० मार्च, पाडवा
सकाळी एकसष्ट.

लिंबाची फुलं गुळात कालवून मारुतीपुढे ठेवली. एकच वाटी. दुपारी वळलो तर उंबऱ्यावर — पाठमोरा. दार वाजलं नव्हतं.

मानेवर तीळ आहे. डावीकडे, माउलीला आहे तिथंच.

ताटात पोळी वाढली. मुंगीसुद्धा आली नाही.

एकोणसाठ.

३१ मार्च
चोपन्न. मारुतीसमोर बसून शब्द घोकला. एकच अक्षर. तो राजूबाईसारखाच एक खांदा पाडून बसतो. तीन वर्षं हे घर — माझं नाही हे, पण कुठलंच घर असं भरलेलं —

उद्या म्हणेन.

१ एप्रिल
काट्यावर उभं राहवत नाही.

हणमंतप्पा रस्त्यावरून हाका मारायलेत. आत येत नाहीत. अण्णा, जा म्हणा, एवढंच म्हणा —

म्हणतो. आधी एकदा तोंड बघतो. तो मान वळवायलाय, हळूहळू — कान दिसला, गाल —

मारुतीराया, जीभ उचल. जा. लिहिता येतं, जा, जा — तोंडाने —

तो अप्पा म्हणाला.

मी म्हणालो, ये, माउली, आत ये, आत —