जिभेचं टोक

डब्यूक, जुलै १९५४

लाडक्या वेर्ना,

मी मजेत आहे, पोटभर जेवतोय. आपल्या रूबीला दात आले का?

गेला महिनाभर बेसबॉलच्या सामन्यांत मी कोणता चेंडू टाकणार, हे समोरच्यांना आधीच कळतंय. मला संशय माझे चेंडू झेलणाऱ्या आमच्या कॅचरचा, मिलार्डचा. कोणता चेंडू टाकायचा, याच्या खुणा मला तोच करतो ना! काल सगळ्यांदेखत विचारलं, "खुणा कितीला विकल्यास रे?"

तो म्हणाला, "आधी आरशात बघ!"

आरशासमोर चेंडू टाकतो तसा हात फिरवून पाहिला. संथ चेंडूच्या वेळी दर खेपेस जिभेचं टोक बाहेर! मी थापा मारताना येतं म्हणतेस, तस्संच.

माफी मागितली. पण मेल्याने महिनाभर सांगितलं का नाही?

माझा खांदा मुळीच दुखत नाही. हे पत्रातून सांगतोय तेच बरं.

तुझाच,
एल्डन