ताई विमानात असताना

बाबा, टोरंटोहून मुंबई साडेबारा हजार किलोमीटर आहे. मोबाईलवर दोन्ही विमानतळ टाकले की सरळ रेघ दिसते आणि खाली लिहिलेलं असतं, साधारण पंधरा तास. पण ताईला सरळ विमान मिळालं नाही. तिला दोहाला उतरून दुसरं विमान धरायचं आहे, मग मुंबईहून गाडीने रेवसपर्यंत तीन-चार तास. त्यांचं घड्याळ मागे, आपलं पुढे, म्हणून मी सगळं पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं. घरी पोचेपर्यंत पहाट होईल.

आई आज सकाळी गेली. तेव्हा ताईचं विमान नुकतंच उडालं होतं.

काका आईभोवती बर्फ रचून दुपारपासून ओटीवर बसून आहेत. "अरं, किती ठेवायचं तिला? का विमानाला पन ओहोटी लागली? तुझ्या बापाला आमी दिवस बुडायच्या आत न्हेला व्हता." मी म्हणालो, "म्हणूनच थांबायचं, काका." तुम्हाला नेलं तेव्हा ताई मुंबईत नर्सिंग शिकत होती आणि तिची लाँच ओहोटीने अडली होती. ती आली तेव्हा आई तुमचा सदरा घडी करत होती. ताई काही विचारत नाही, आत येत नाही, पिशवी हातात धरून दारातच उभी आहे. मी तेव्हा शाळेत होतो, पण ते दार मला अजून दिसतं. पुढे आई कितीदा तरी म्हणायची, पोरीसाठी एक भरती थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

मघाशी दोहाहून ताईचा फोन आला. काय बोलायचं ते मी दिवसभर घोकून ठेवलं होतं. पुढचा विमानप्रवास तिला परक्या माणसांत, पट्टा बांधून एकटीने करायचा होता, म्हणून आत्ता सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

"आई कशी आहे?"

"झोपली आहे."

"काही खाल्लं?"

"थोडी पेज घेतली."

मी कुठे अडखळलो नाही. तिच्या मागे कुठल्या तरी भाषेत पुकारा चालू होता. मग तिने विचारलं, "बर्फ मिळाला का रे?"

"मिळाला. काकांनी मासळीच्या बोटीवरचा आणला."

"वरून भुसा घाल, लवकर विरघळणार नाही. आणि तिचे पाय झाक. तिला पायांना गार सोसत नाही."

"झाकतो."

"बरं. बोलावतायत आम्हाला. ठेवते."

मी आत जाऊन आईच्या पायांवर गोधडी घातली. काकांना सांगितलं, पहाटे येईल. ते म्हणाले, "येऊ दे. बसतो मी."

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही म्हणूनच लिहितो, बाबा. त्यानंतर मला सपाटून भूक लागली. घरात चूल पेटलेली नाही. शेजारच्या काकूंनी आणलेला पाव मी मागच्या दारी उभ्याने त्यांच्याच चहात बुडवून खाल्ला, आणि संपल्यावर आत जाऊन त्यांच्याकडून आणखी एक मागून घेतला.