साहेबांची जीप

छावणी, १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आईला सांग, दोन वेळा पोटभर जेवतो आणि बंदुकीचे आवाज लांबून येतात.

आमची शाळा म्हणजे बंद पडलेली सूतगिरणी. यंत्रं नेली, पण फरशीवर तेल मुरलेलं आहे, त्यामुळे कवायतीत रोज दोघं तरी आपटतात. शिकायला छत्तीस जण: गवंडी, शिंपी, एक न्हावी. आपलं सैन्य इथून निघालं की शहराची नाकी यांनी सांभाळायची. मला पोलिसात जे नऊ महिने शिकवलं, ते मी यांना आठ आठवड्यांत शिकवायचं. भाषेच्या नावानं बोंब. दुभाष्या आहे, पण मी पाच मिनिटं घसा फोडावा आणि त्यानं ते दोन शब्दांत उरकावं, वर सगळ्यांनी हसावं. काय सांगतो देव जाणे!

एक जण मात्र हिरा आहे. चाळिशीचा, आधी बसवर कंडक्टर होता, आता सगळे कंडक्टरच म्हणतात. गाडी थांबवायची, माणसं उतरवायची, पास बघायचा, बॉनेट उघडायचं, एवढंच मी शिकवतो. हा पठ्ठ्या पास बघितल्याशिवाय सख्ख्या भावालाही सोडायचा नाही.

भावजींना म्हणावं, माझ्या स्कूटरला हात लावू नका. लेकीवर लक्ष ठेव आणि माझ्यावर माया.

तुझा,
भुंगा

घरून, २६ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्कूटर तुझ्या भावजींनी परवाच भिंतीला घातली. आरसा गेला, ते शाबूत आहेत. तुझी लेक कॉलेजातून आली की आजीचे पाय चेपते आणि माझ्याशी वाद घालते, म्हणजे तुझीच आहे.

एक सांगते, राग मानू नकोस. नर्सिंगच्या मुलींना शिकवून माझी वीस वर्षं गेली. तू चिडलास की समोरच्याला धडा राहत नाही लक्षात, तुझा आवाज राहतो. परक्या मुलखात तोंड आवर, बाबा.

प्रकृतीला जप. आमचं सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे आहे.

ताई

छावणी, १७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठ आठवड्यांतले पाचच झालेत. वरून हुकूम आला, सोमवारपासून पोरांना खऱ्या नाक्यावर उभं करा. पोरं कसली, निम्म्यांचे केस पिकलेत. अर्ध्यांना अजून बंदूक साफ करता येत नाही. मी लेखी कळवलं, उत्तर नाही, शेवटी सोमवारी उभं केलं.

बुधवारी फजिती झाली. आमचे मोठे साहेब पाहणीला निघाले होते. उशीर झालेला, त्यांचं डोकं आधीच फिरलेलं, शेजारी मी. नाक्यावर कंडक्टरनं आमची जीप अडवली. पास मागितला, बॉनेट उघडायला लावलं, साहेबांना चिखलात उतरवलं! साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की माझा तोल गेला. सगळ्यांदेखत मी त्याला झाप झाप झापलं. साहेबांची जीप ओळखता येत नाही का, डोळे आहेत की भोकं, ती दिसली की लांबूनच फाटक उघडायचं. नेमकं त्या दिवशी दुभाष्यानं शब्दन् शब्द सांगितला.

तेव्हापासून जीप दिसताच फाटक उघडतं आणि सलाम ठोकतात. साहेब खूश आहेत. कंडक्टर बिचारा बरोबर होता हे मला कळतं. दोन दिवसांत त्याला बाजूला घेऊन सांगेन म्हणतो.

आईच्या पाया पडतो. विसर नसावा.

भुंगा

छावणी, ८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रेडिओवर ऐकलं असेल. मी धडधाकट आहे.

रविवारी सकाळी नाक्यावर जीप आली. आमच्यासारखीच, त्याच रंगाची, कुठून तरी चोरलेली. फाटक लांबूनच उघडलं. पोरांनी सलाम ठोकला. आत स्फोटकं होती. चौघं गेले, त्यात तो न्हावी. कंडक्टर फाटकापाशी होता, फेकला गेला, एक कान गेला, पण जगला. आता तो कोठडीत आहे. जाणूनबुजून गाडी सोडली, शत्रूला सामील होता, असा आरोप ठेवलाय. सिद्ध झाला तर जन्मठेप.

त्याला बाजूला घेऊन सांगायचं राहिलंच, ताई. आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले.

वीस तारखेला चौकशीत माझी साक्ष आहे. साहेब म्हणतात, शिकवायच्या पुस्तकात ‘प्रत्येक गाडी थांबवा’ असंच छापलंय, तेवढंच सांग, ते काही खोटं नाही. मी खरं सांगितलं तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, कदाचित खटलाही होईल. तू मोठी आहेस. काय करू ते सांग.

भुंगा

घरून, १४ मे

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन पत्रं लिहून फाडली, हे तिसरं. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिची प्रकृती तुला ठाऊक आहे. लेकीची दोन वर्षं अजून राहिलीत. आई नसलेली पोर, तिला तुझ्याशिवाय कोण आहे? लढाई आपली नाही, मुलूख आपला नाही. मी स्वार्थी आहे म्हण हवं तर. साहेब सांगतात तेवढं बोल, गप्प बस आणि घरी ये.

वाट बघतेय.

ताई

छावणी, २२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं.

कंडक्टरला माझ्याआधी उभं केलं होतं. मला वाटलं, आता हा माझं नाव घेणार, आणि खरं सांगतो, घ्यावं असं वाटत होतं. पण त्यानं सांगितलं की उस्तादांनी, म्हणजे मी, प्रत्येक गाडी थांबवायला शिकवलं होतं, मीच विसरलो. वकिलांनी उलटसुलट विचारलं तरी माझ्या झापण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वरिष्ठांना चारचौघांत अडवायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं ना!

मग माझी पाळी. मी पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं आणि खाली बसलो.

बाहेर बाकावर त्याची बायको आणि मुलगी होती. मला बघून मुलगी उठली, काहीतरी बोलली. दुभाष्यानं सांगितलं, वडिलांना शिकवल्याबद्दल तुमचे आभार मानतेय. ताई, मी तिथून अक्षरशः पळालो.

निकाल एकतीसला. माझी गाडी दोन जूनला.

भुंगा

घरून, २७ मे

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तार मिळाली असेल. पत्र वेळेत पोचेल याची खात्री नाही म्हणून तार केली. पोस्टातल्या बाईंनी दोनदा विचारलं, मजकूर एवढाच का. म्हटलं, एवढाच: ‘ताई चुकली. खरं सांग.’

तुझं पत्र लेकीच्या हाती लागलं. वाचलं आणि माझ्याशी बोलणं टाकलंय. मला ते सोसेल. तुझ्याशीही तशीच वागली तर तुला सोसायचं नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. आपण पाच जण आहोत, उपाशी मरणार नाही. साहेब अडवतील, ओरडतील, तरी सांग. निकालाच्या सकाळी पोचलास तरी उशीर नाही.

आईपासून लपवणं संपलं. काल सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. तिनं एवढंच विचारलं, त्या कंडक्टरची मुलगी केवढी आहे. मला सांगता आलं नाही. तिला भेट आणि कळव.

आमचा जीव तुझ्यात आहे, नोकरीत नाही.

ताई